भरतपूरचं पाणी

पानिपत म्हटलं की मराठी माणसाला काही नावं आपोआप आठवतात. भाऊसाहेब, विश्वासराव, जनकोजी, इब्राहिमखान गारदी. आणि त्यांच्या पाठोपाठ, थोडं कडेला उभं असलेलं आणखी एक नाव येतं. भरतपूरचा सूरजमल जाट. भाऊसाहेबांशी त्याचं पटलं नाही, तो आधीच बाजूला झाला, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. त्याच्यापुढची गोष्ट मात्र आवर्जून सांगायला हवी. जानेवारी १७६१ मध्ये पराभव झाल्यावर थंडीनं काकडत, उपाशीतापाशी दक्षिणेकडे निघालेली आपली माणसं त्याच्या मुलखात पोहोचली, तेव्हा या सूरजमलानं आणि त्याच्या राणी किशोरीनं त्यांना अन्न दिलं, वस्त्र दिलं, जखमींची शुश्रूषा केली आणि ग्वाल्हेरच्या वाटेला लावून दिलं.

पण सूरजमलाची आणखी एक करणी आहे आणि आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत तिला जागा मिळालेली नाही. त्यानं मातीचा एक बांध घातला. अजान बांध. दोन नद्यांचं पुराचं पाणी अडवणारा हा बांध अठराव्या शतकातला. त्या बांधाच्या आसऱ्यानं एक पाणथळ जागा फुलली आणि जगातल्या पक्षीप्रेमींची ती पंढरी झाली. केवलादेव घना. आपण तिला भरतपूर म्हणूनच ओळखतो.

आज या जागेबद्दल बोलायचं आहे. पक्ष्यांबद्दल बोलणारच आहे, पण त्याहून जास्त पाण्याबद्दल. कारण भरतपूरला पक्षी येतात ते पाण्यासाठी, आणि हे पाणी तिथं आपोआप कधीच आलेलं नाही. कुणीतरी ते आणलं, कुणीतरी अडवलं, कुणीतरी सोडलं. अडीचशे वर्षांत हे कुणीतरी बदलत गेलं. त्या बदलाचीच ही गोष्ट आहे.

आधी ती जागा कशी आहे ते सांगतो. पूर्व राजस्थानात, आग्र्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, भरतपूर गावाला अगदी लागून ही जमीन आहे. सारी सुमारे एकोणतीस चौरस किलोमीटर. मुंबईतलं आपलं बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान याच्या तिपटीहून मोठं आहे. जमीन सपाट, मधे परातीसारखी किंचित खोलगट. या भागात गंभीर आणि बाणगंगा अशा दोन नद्या येतात. दोन्ही पावसाळी. आठ महिने वाळू आणि चार महिने पाणी, असा त्यांचा संसार. पावसाळ्यात त्या पात्राबाहेर पसरायच्या आणि ती परात भरून जायची. सूरजमलाच्या बांधानं हे पसरणारं पाणी एका ठिकाणी थोपवलं. गावाचा पुरापासून बचाव झाला, आणि बांधातून सोडलेलं पाणी या खोलगट जमिनीत मुरत, साचत राहू लागलं.

जुलैच्या सुमारास पाणी यायचं. ऑक्टोबरात ते भरपूर असायचं. हिवाळाभर हळूहळू आटत जायचं आणि मे महिन्यात बऱ्याच भागात नुसती भेगाळलेली जमीन उरायची. आपल्याला वाटतं, तळं आटलं म्हणजे तळ्याचं वाईट झालं. इथं तसं नाही. आटण्यातच या जागेचं सारं बळ आहे. उघड्या पडलेल्या जमिनीवर गवत उगवतं, वाळतं, गुरांचं शेण पडतं, ऊन मातीत शिरतं. मग पुढच्या पावसाळ्यात त्यावर नदीचं पाणी येतं आणि त्या जमिनीत जणू अन्नाचं कोठार उघडतं. किडे, गोगलगाई, बेडूक, पाणवनस्पती. आणि मुख्य म्हणजे मासे. नदीच्या पुराबरोबर माशांची पिलं वाहत येतात आणि उथळ, कोमट पाण्यात बघता बघता वाढतात. नेमक्या त्याच दिवसांत, ऑगस्ट-सप्टेंबरात, पाण्यातल्या बाभळींवर चित्रबलाक, मुग्धबलाक, पाणकावळे, तिरंदाज, शराटी, चमचे आणि बगळे घरटी बांधतात. एकेका बाभळीवर डझनावारी घरटी. पिलांच्या भुकेची वेळ आणि माशांच्या सुगीची वेळ एकच. हे वेळापत्रक पाण्यानं आखून दिलेलं आहे.

त्यानंतर थंडीत पाहुणे येतात. तिबेट, मध्य आशिया, सायबेरियाकडून. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, पट्टकादंब आणि ज्याला आपण किती गोड नाव दिलं आहे तो काळा, पांढऱ्या टिळ्याचा वारकरी. या जागेत साडेतीनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झालेली आहे.

मी पहिल्यांदा गेलो तो डिसेंबर होता. सकाळी धुकं इतकं दाट की सायकलरिक्षावाल्याची पाठ तेवढी दिसत होती. भरतपूरच्या या रिक्षावाल्यांची एक मौज आहे. पर्यटकांना फिरवता फिरवता ते पक्षी शिकले, त्यांना शिकवण्यातही आलं, आणि आता त्यांतले कितीतरी जण चांगले जाणकार आहेत. आमच्या रिक्षावाल्यानं रिक्षा थांबवली आणि नुसतं बोट केलं. धुक्यात दोन उंच, करड्या आकृती उभ्या होत्या. सारसांची जोडी. लाल मानेची, माणसाएवढ्या उंचीची. मग दोघांनी माना वर करून एकामागोमाग एक साद घातली. तो आवाज दूरवर पोहोचतो म्हणतात. मला तो छातीत ऐकू आला.

ज्या रस्त्यावर आमची रिक्षा उभी होती, तो रस्ता म्हणजे एक बंधारा आहे, हे मला त्या दिवशी कळलं. दोन्ही बाजूंना पाणी, मधे उंच मातीचा पट्टा, कडेनं बाभळी, आणि मधूनमधून लोखंडी झडपांचे छोटे दरवाजे. हे कुणी बांधलं? पक्षी वाचवणाऱ्यांनी नाही. पक्षी मारणाऱ्यांनी.

तिकडे वळण्याआधी एक छोटा मुक्काम आपल्या होळकरांकडे करायला हवा. १८०४ साली यशवंतराव होळकर इंग्रजांशी लढता लढता या मुलखात आले. आधी डीगला, मग भरतपूरला. त्या वेळच्या भरतपूरच्या राजानं, रणजितसिंहानं, त्यांना आसरा दिला. जनरल लेकनं जानेवारी १८०५ मध्ये किल्ल्याला वेढा घातला आणि चार वेळा हल्ला चढवला. चारही वेळा मार खाऊन परतला. त्याची तीन हजारांहून अधिक माणसं मारली गेली किंवा जखमी झाली. किल्ला तर मातीचा. तोफेचा गोळा त्या जाड तटात रुतून बसायचा. पण तटाइतकाच मोठा आधार होता भोवतीच्या खंदकाचा, त्यातल्या पाण्याचा. इंग्रज हे विसरले नाहीत. वीस वर्षांनी, डिसेंबर १८२५ मध्ये लॉर्ड कॉम्बरमिअर भरतपूरवर चालून आला, तेव्हा त्यानं आधी काय केलं असेल? गावाबाहेरच्या मोती झील तळ्याचा बांध ताब्यात घेतला आणि खंदकात पाणी सोडायची वाट बंद केली. जानेवारी १८२६ मध्ये किल्ला पडला. भरतपुरात पाण्याचा दरवाजा ज्याच्या हातात, त्याच्या हातात भरतपूर, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

आता शिकारीकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला मोरवीच्या राजघराण्यातले हरभामजी भरतपूर संस्थानचा कारभार पाहत होते. इंग्लंडमधल्या बदकांच्या शिकारीची पद्धत त्यांना ठाऊक होती. घनाची ही पसरट दलदल पाहून त्यांच्या मनात आलं, हीच जागा नीट आखली तर बडे पाहुणे खूश करता येतील. मग अजान बांधापासून कालवा आला. आत बंधारे पडले, पाण्याचे वेगवेगळे कप्पे झाले, प्रत्येक कप्प्याला झडप बसली. कुठल्या कप्प्यात किती पाणी ठेवायचं, हे आता माणूस ठरवू लागला. बंदूकवाल्यांसाठी आडोसे बांधले. एका कप्प्यातून उठलेली बदकं दुसऱ्या कप्प्यात जातात आणि तिथं दुसरा बंदूकवाला बसलेला असतो, अशी ती व्यवस्था होती.

केवलादेवाच्या देवळाजवळ, म्हणजे ज्या महादेवावरून या जागेला नाव पडलं त्याच्याजवळ, एक शिळालेख आहे. देवळाजवळचा शिलालेख म्हटल्यावर आपण एखादं दानपत्र वाचायच्या तयारीनं जातो. तिथं असते शिकारीची यादी. तारीख, प्रमुख पाहुणा, बंदुका किती, पक्षी किती. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन आले तेव्हाचा आकडा ५४०. पुढे आकडे वाढत जातात. सगळ्यांत मोठा आकडा आहे १२ नोव्हेंबर १९३८ चा. पाहुणे व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो. पक्षी ४,२७३. एका दिवसात.

त्या दगडापुढे उभं राहिल्यावर प्रथम अंगावर काटा येतो. मग थोड्या वेळानं मनात एक वेगळाच विचार येतो. एका दिवसात चार हजारांवर पक्षी मारता येत होते आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तितकेच येत होते, तर एकूण पक्षी होते तरी किती? आणि शिकारीचा शौक नसता तर ही दलदल राहिली असती का? कुणी तिथं नांगर घातला नसता कशावरून? ज्यांनी पक्षी मारले त्यांनीच पक्ष्यांची जागा राखली. भरतपूरचा इतिहास असा अडचणीचा आहे. त्यात कुणालाही पूर्ण खलनायक करता येत नाही आणि पूर्ण नायकही.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न उभा राहिलाच. संस्थानं विलीन झाली होती. आसपासच्या शेतकऱ्यांचं म्हणणं साधं होतं. राजाच्या शिकारीसाठी एवढी जमीन आणि एवढं पाणी अडकवून ठेवलं आहे, ते आता आम्हाला द्या. दलदल उपसा, जमीन वाटा, बांधाचं पाणी शेतीला सोडा. नुकतंच स्वातंत्र्य मिळालेल्या, धान्याची टंचाई असलेल्या देशात ही मागणी चुकीची होती असं कोण म्हणेल?

इथं मुंबईचा एक माणूस या गोष्टीत येतो. डॉ. सलीम अली. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ते प्राण. त्यांनी ही जागा ओळखली होती. त्यांनी हा विषय थेट पंडित नेहरूंपर्यंत नेला आणि घना वाचलं. १९५६ साली ते पक्षी अभयारण्य झालं. तरी महाराजांचा शिकारीचा हक्क शिल्लक होता, तो १९७२ पर्यंत चालला. म्हणजे सोळा वर्षं त्याच पाण्यावर एकीकडे अभयारण्याची पाटी आणि दुसरीकडे बंदूक, असं चालत होतं.

याच काळात भरतपुरात एक निराळं काम सुरू झालं. पक्ष्यांच्या पायात कडी अडकवण्याचं. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांबरोबर रोगांचे विषाणू येतात का, हा प्रश्न तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेला पडला होता, कारण कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेल्या तापाचं सायबेरियातल्या एका तापाशी नातं दिसत होतं. त्या निमित्तानं पैसा मिळाला आणि सलीम अलींनी त्यातून पक्ष्यांच्या प्रवासाचा मोठा अभ्यास उभा केला. पक्षी पकडायला बिहारमधले मीरशिकार आणले. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी धरून विकणारी ही माणसं. त्यांचं कसब असं की पक्ष्याचं एक पीसही न दुखवता ते त्याला जाळ्यात घ्यायचे. पक्षी पकडायचा, कडी घालायची, वजन-माप घ्यायचं आणि सोडून द्यायचं. कडीवर क्रमांक आणि मुंबईच्या सोसायटीला कळवा अशा अर्थाचा मजकूर. दूर मध्य आशियात, सायबेरियात कुणाच्या तरी हातात एखादं बदक पडायचं आणि त्याच्या पायावर मुंबईचं नाव निघायचं. ज्या पाण्यावर मेलेल्या पक्ष्यांचे आकडे दगडात कोरले गेले, त्याच पाण्यावर आता जिवंत पक्ष्यांना क्रमांक मिळत होते.

१९८१ मध्ये चिलिका सरोवर आणि केवलादेव या भारतातल्या पहिल्या दोन पाणथळ जागा रामसर करारात गेल्या. १९८२ मध्ये घना राष्ट्रीय उद्यान झालं. १९८५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव आलं. कागदावर पाहिलं तर हा सारा चढता आलेख आहे. पण याच वर्षांच्या मधोमध एक काळा दिवस आहे आणि पक्ष्यांच्या सुंदर पुस्तकांतून तो सहसा वगळला जातो.

घनाच्या भोवती गावं आहेत. या गावांची गुरं, विशेषतः म्हशी, पिढ्यान्‌पिढ्या आत चरत होत्या. बायका गवत कापून आणत, सरपण गोळा करत. राजाच्या काळातही हे चाललं होतं. राष्ट्रीय उद्यान झालं आणि कायद्यानं चराई बंद झाली. भोवती दगडी भिंत उभी राहिली होतीच. गुरांमुळे पक्ष्यांना त्रास होतो, असं तेव्हा पक्षीतज्ज्ञांचं मत होतं आणि सलीम अलीही त्याच मताचे होते. गावकऱ्यांना पर्यायी कुरण काही मिळालं नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये ते गुरं घेऊन आत शिरायला आले. पोलिसांनी गोळीबार केला. गावकरी मरण पावले.

१९३८ च्या नोव्हेंबरात त्या जागेवर पक्ष्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. १९८२ च्या नोव्हेंबरात माणसांवर.

आणि पुढे काय झालं? बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा या जागेचा दहा वर्षांचा अभ्यास तेव्हा चालूच होता. १९८० ते १९९०. त्या अभ्यासात हळूहळू जे दिसू लागलं ते कुणालाच अपेक्षित नव्हतं. म्हशी गेल्या आणि पास्पालम नावाचं एक पाणगवत माजलं. पूर्वी म्हशी ते खात होत्या, पाण्यात बसून तुडवत होत्या. आता त्याला अडवणारं कुणी उरलं नाही. मोकळं पाणी गवतानं झाकलं. मासे कमी झाले, बदकांना उतरायला जागा कमी पडू लागली. गवत काढायला मग यंत्रं आणावी लागली, पण ज्या कामाला म्हशींची रोजची हजेरी लागायची ते यंत्राला कसं जमणार? शास्त्रज्ञांनी प्रामाणिकपणे लिहिलं की म्हशी या पाणथळ जागेच्या घडणीचाच एक भाग होत्या. पुढे गावकऱ्यांना आत येऊन गवत कापून न्यायची मुभा मिळाली. गेलेले जीव अर्थातच परत आले नाहीत.

मला वाटतं, भरतपूरनं भारतातल्या निसर्गरक्षणाला शिकवलेला हा सगळ्यांत महागडा धडा आहे. सलीम अलींचं मोठेपण यानं कमी होत नाही. त्यांच्याशिवाय ती जागाच उरली नसती. पण एखाद्या जागेवर जिवापाड प्रेम असलं तरी ती जागा कशी चालते हे आपल्याला पूर्ण समजलेलं असतंच असं नाही. आणि त्या न समजण्याची किंमत बहुतेक वेळा दुसराच कुणीतरी मोजतो.

आता त्या पक्ष्याची गोष्ट, ज्याच्यासाठी जगभरातून लोक भरतपूरला यायचे. सायबेरियन क्रौंच. पांढराशुभ्र, लाल तोंडाचा, उडताना पंखांची टोकं काळी दिसणारा. पश्चिम सायबेरियातून पाच हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान ओलांडून हा पक्षी घनात उतरायचा. उथळ पाण्यात चोच खुपसून लव्हाळ्याच्या मुळाशी असलेले कंद उकरून खायचा. १९६० च्या दशकात इथं सुमारे दोनशे क्रौंच मोजले गेले होते. मग संख्या उतरत गेली. वाटेवरची शिकार, वाटेवरची युद्धं, विसाव्याच्या जागा आटणं. नव्वदच्या दशकात एखाद्या हिवाळ्यात एकही क्रौंच आला नाही, पुढे पुन्हा मोजके आले. शेवटची जोडी दिसली ती २००१-०२ च्या हिवाळ्यात. त्यानंतर कुणीही आलेलं नाही.

इथं भरतपूरच्या लोकांना दोष देता येत नाही. पक्षी घनात मारले गेले नाहीत, ते वाटेत संपले. दुर्बीण घेऊन काठावर उभा असलेला माणूस आपल्या काठापुरतंच राखू शकतो. साखळीची दुसरी कडी हजारो किलोमीटरवर तुटली तर त्याच्या हाती रिकामं पाणी राहतं.

आणि ते पाणीही मग धोक्यात आलं. दोन नद्यांपैकी बाणगंगेचं पाणी जयपूरजवळच्या रामगढच्या धरणानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच अडलं होतं. भिस्त उरली गंभीरवर. गंभीरच्या वरच्या अंगाला, करौली जिल्ह्यात, पाच छोट्या नद्या एकत्र येतात तिथं पांचना नावाचं मातीचं धरण झालं. २००४ मध्ये पाऊस ओढ देऊन बसला. घनासाठी पांचनातून पाणी सोडायचं की नाही, यावरून वरच्या भागातले शेतकरी पेटून उठले. त्यांचं म्हणणं पुन्हा तेच, स्वातंत्र्यानंतर भरतपूरच्या शेतकऱ्यांनी मांडलं होतं तेच. आमची पिकं वाळतात आणि पाणी पाखरांना? सरकारनं शेतकऱ्यांचं ऐकलं. घना कोरडं पडलं. ज्या बाभळींवर शेकडो घरटी असायची त्या सुन्या राहिल्या. वाळलेल्या जमिनीत वेडी बाभूळ पसरली. जागतिक वारसा समितीनंही चिंता व्यक्त केली.

घनाला एका वर्षाला सुमारे ५५ कोटी घनफूट पाणी लागतं असा हिशेब मांडला जातो. ते आणायला मग नवे मार्ग शोधले गेले. गोवर्धनच्या बाजूनं पावसाळ्यातलं जास्तीचं पाणी वळवणारी योजना झाली, चंबळेचं पाणी नळातून आणलं गेलं. पाणी आलं, पक्षी परतले, बाभळींवर पुन्हा घरटी झाली. वेडी बाभूळ उपटून काढायच्या कामाला आसपासच्या गावचेच लोक लागले आणि लाकूड त्यांच्या घरी गेलं. ज्या गावकऱ्यांना १९८२ मध्ये भिंतीबाहेर काढलं, त्यांच्याचकडे पंचवीस-तीस वर्षांनी मदतीसाठी जावं लागलं.

पण नळातून आलेलं पाणी आणि नदीनं आणलेलं पाणी एक नव्हे, हे जाणकार सांगतात ते खरं आहे. नदीच्या पुरात गाळ असतो, बी असतं, माशांची लाखो पिलं असतात. नळाच्या पाण्यात नुसतं पाणी असतं. परात भरते, पण कोठार तसं उघडत नाही.

मंडळी, हे सारं ऐकून तुम्ही म्हणाल, हे राजस्थानचं झालं, आपलं काय? आपल्या नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाच्या खाली नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. १९११ च्या सुमारास तो पुरा झाला. बांधला सिंचनासाठी. शंभर वर्षांत त्याच्या पोटात गाळ साचत गेला, उथळ दलदल तयार झाली, पाणगवत आलं, आणि एक दिवस लोकांच्या लक्षात आलं की इथं हिवाळ्यात हजारो पक्षी उतरतात. १९८६ मध्ये अभयारण्य झालं. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा म्हणून त्याचं नाव जाहीर झालं. आपण कौतुकानं त्याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतो.

म्हणावं, जरूर म्हणावं. पण नाव घेतलं की त्या नावाचा सगळा इतिहास घ्यावा लागतो. तिथंही पाणी आधी शेतीचं आहे. कालव्याला आवर्तन सुटलं की पातळी उतरते. काठावर गावं आहेत, मासेमारी करणारे आहेत, ऊस आणि द्राक्षं पिकवणारे आहेत. वरच्या अंगाला धरणं आहेत. भरतपूरला जे प्रश्न अडीचशे वर्षांत एकामागून एक आले, ते सगळे तिथं एकदम हजर आहेत. आपल्याला एक फायदा मात्र आहे. भरतपूरला काय चुकलं ते आपल्याला आधीच माहीत आहे.

तेव्हा पुढच्या डिसेंबरात नांदूरला गेलात, किंवा भरतपूरला गेलात, तर पक्षी पाहाच. पहाटे जा, गरम कपडे घाला, मोठ्यानं बोलू नका. पण परत फिरण्याआधी थोडा वेळ काढून बंधाऱ्यावर जा आणि पाण्याचा दरवाजा पाहून या. तिथं एखादा कर्मचारी असला तर त्याला विचारा, यंदा पाणी कधी आलं, किती आलं, कुणाकुणाचं देऊन आलं. आणि काठावरच्या गावात चहाला थांबलात तर त्यांनाही विचारा. धुक्यातला सारस पाहायला मी गेलो होतो आणि तो दिसला याचा आनंद मला अजूनही आहे. फक्त आता त्याच्या पायाखालचं पाणीही मला दिसतं.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)